शेवंताबाईचं वावर

नकाशावर एक टिंब असायचं. ते कुठे पडेल हे आमच्या हातात नव्हतं. वरच्या कार्यालयात कुणीतरी जिल्ह्याच्या नकाशावर चौकटी आखून ती टिंबं टाकत, आणि आम्ही ती शोधत उन्हातान्हात हिंडत असू. एकदा आष्टीकडच्या टेकड्यांवर ते अशा उतारावर पडलं की आम्हाला बसून, घसरत, पळसाच्या फांद्या धरत खाली जावं लागलं. एकदा रोहण्याजवळ भर कपाशीत पडलं. तिथला शेतकरी हातातला विळा टाकून आमच्याजवळ आला.

"वर्धेवरून इथं काय पाहाले आले तुमी?"

"झाडं मोजाले," मी म्हटलं.

त्याने चहूकडे नजर फिरवली. बांधावर एक बाभूळ होती, तीही वाकडी.

"हे?"

"हे बी. आन् नसले तं नाई म्हनून लिवा लागते."

दुसऱ्या टोकाला कापूस वेचत असलेल्या बायकोजवळ जाऊन त्याने तिला काहीतरी सांगितलं. दोघांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं घरातल्या आजारी माणसाकडे पाहतात. थोड्या वेळाने त्या बाईने आम्हाला बोलावलं आणि आपल्या डब्यातली भाकर अन् वांग्याची भाजी खायला घातली. नसलेली झाडं लिहायला इतक्या दूरून आलेल्या माणसांना उपाशी परत पाठवणं तिच्या जिवावर आलं असावं.

हीच माझी नोकरी. सांगायला गेलं की लोकांना वाटतं मी वाघ पाहत होते. वाघ मी मोजके पाहिले, तेही मला पाहून निघून जाणारे. मी पाहत होते ती जमीन. त्या टिंबाभोवती ठरावीक मापाचा तुकडा दोरीने आखायचा आणि त्याच्याबद्दल दोन गोष्टी लिहायच्या. पहिली, ही जमीन कशाच्या कामी येते: वन, शेती, गावठाण, पाणी की पडीत. दुसरी, तिच्यावर उभं काय आहे. झाडं कोणती, तरुण की जुनी, खाली रोपं येताहेत का, गुरं चरून गेलीत का, मागच्या उन्हाळ्यात आग लागली होती का, कुऱ्हाडीचे घाव दिसतात का. जंगल कसं आहे म्हटलं की माणूस चटकन सांगतो, दाट आहे. आम्हाला नुसतं दाट म्हणायची मुभा नव्हती. मान वर करून पाहायचं, डोक्यावर पानं किती अन् आभाळ किती. अर्धं आयुष्य मी मान वर करून काढलं. आता डॉक्टर मानेचा पट्टा देतात आणि विचारतात, तुम्ही टायपिंग करत होता का.

झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर मोजतात. नोकरीला लागले तेव्हा चार पुरुष मजुरांसमोर "छातीइतक्या" म्हणायला मला संकोच वाटे, म्हणून मी साडेचार फुटांची एक काठी तोडून घेतली होती. काठी झाडाला लावायची आणि म्हणायचं, इथं मोजा. पुढे संकोच गेला, पण काठीची सवय लागली ती लागलीच.

माझ्या जोडीला उईकेभाऊ होते. हिंगणीकडचे. हुद्द्याने माझ्या हाताखालचे, पण रानात आम्ही कधी तसं चाललो नाही. त्यांना गप्प राहणं जमत नसे. झाड मोजता मोजता ते झाडाशीही बोलत. "काय बाप्पा, लयच वाळला यंदा," असं एखाद्या सागाला म्हणत. मला सुरुवातीला हसू येई, नंतर मीही बोलू लागले.

आज लिहायचं आहे ते एका टिंबाबद्दल. ते हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या जंगलाला लागून असलेल्या एका तुकड्यात पडलं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. गवत पिवळं पडलं होतं आणि त्यावरून चाललं की कुसळं साडीला चिकटत. मी कामावर साडीच नेसत असे, खाली पॅण्ट घालून, आणि तिला गुडघ्याच्या वर खोचून. हातातलं यंत्र टिंब किती दूर आहे ते सांगत होतं. मी त्यावर डोळे ठेवून चालत होते. यंत्र थांबलं आणि मी मान वर केली, तर समोर एक बाई उभी. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, हातात काठी, मागे बकऱ्या.

"काय पाहून राह्यले?" तिने विचारलं.

उईकेभाऊंनी मोकळेपणाने सांगून टाकलं. "मावशी, ह्या जागेवर आमचा बिंदू आला. इथं खुंटी ठोकाची हाय, आन् मंग झाडं मोजाचे हायत."

तिने ऐकून घेतलं, काठी बाजूला ठेवली आणि बरोबर त्याच जागेवर मांडी घालून खाली बसली.

मला वाटलं दमली असेल. मी म्हटलं, "मावशी, थोडं सरकता का?"

"नाई."

"काऊन?"

"खुंटी ठोकू देत नाई म्या. हे वावर हाय. माह्या नावचं वावर हाय. जंगल नाई."

मी सभोवार पाहिलं. साग होता, पळस होता, धावडा होता, मधूनमधून तेंदूची झुडपं. कोणत्याही अंगाने पाहिलं तरी ते कोवळं जंगलच होतं. पण जमिनीकडे नीट पाहिलं तर जुने बांध दिसत होते. गवताखालून त्यांची सरळ रेघ जात होती. कधीकाळी इथे नांगर चालला होता, यात शंका नव्हती.

तिचं नाव शेवंताबाई. हळूहळू तिने सांगितलं ते असं. तिच्या सासऱ्याने हा तुकडा साफ करून वावर केलं होतं. नवरा होता तोवर दोघं इथे तूर आणि कापूस लावत. जंगलातून डुकरं येत, रोही म्हणजे नीलगाई येत, तरी रात्री जागून थोडंफार हाती लागे. नवरा गेल्यावर एकटीला जागल करणं होईना. पोरबाळ नव्हतं. धरणाच्या कॅनलखाली तिचा दुसरा एक छोटा तुकडा होता, पाण्याचा. तिथे ती दिराच्या मुलाला, प्रफुलला, हाताशी घेऊन वांगी, टमाटर आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावू लागली आणि हे वावर पडून राहिलं. नांगर थांबला की जुनी मुळं वाट पाहत असल्यासारखी फुटतात. वरचं खोड कापलं तरी साग आणि पळस खाली जिवंत असतात. काही वर्षांत झाडं डोक्यावर गेली.

"मंग आमी मोजलं तं काय बिघडते मावशी?" उईकेभाऊ म्हणाले.

तिने त्यांच्याकडे न पाहता सांगितलं, "माह्या माहेरी बी असेच आलते. पयले टेपवाले आले. मंग रंगवाले आले. मंग ट्रक आले."

तिचं माहेर जंगलाच्या पोटातलं गाव होतं. ते उठवून बाहेर वसवलं गेलं. भावांना जमीन मिळाली, घरं मिळाली, शाळा जवळ आली. भाऊ खूश होते, हे तिनेच सांगितलं. "कोनी वाईट नाई केलं. पन मले माहेर राह्यलं नाई ना आता. भाऊ हायत, गाव नाई. जिथं आमचं आंगन होतं तिथं आता हरणं चरतात म्हनते."

मी तिच्यासमोर खाली बसले. मी फक्त मोजणारी आहे, जमीन घेणारी नाही, माझ्या कागदाने कुणाचं वावर जात नाही, असं तिला समजावून सांगितलं. ते खरंच होतं. पण आपण खरं बोलतोय हे माहीत असूनही समोरच्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, तेव्हा आपलंच बोलणं आपल्याला पोकळ वाटायला लागतं. तिच्या माहेरी आलेल्या टेपवाल्यांनीही तिच्या आईला हेच सांगितलं असेल.

उईकेभाऊंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तिकडं दहा पावलं सरकवून टाकू बिंदू. कोनाले कळते?"

कळलं नसतं. पण टिंब सरकवायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. माणूस सरकवायला लागला की सोयीच्या जागेकडेच सरकवतो. काटे नसलेल्या, सावलीच्या, जिथे कुणी भांडत नाही अशा जागेकडे. सगळ्या सोयीच्या जागा मोजून जे येतं ते जंगल नसतं. मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघं जरा वेळ नुसते उभे राहिलो आणि शेवंताबाई नुसती बसून राहिली. बकऱ्या आमच्या पिशव्या हुंगत होत्या.

शेवटी उईकेभाऊच तिच्याजवळ गेले. टेपचं टोक पुढे करून म्हणाले, "मावशी, नाई उठत तं नका उठू. पन मधात बसल्याच हाय तं हे टोक धरा. आमाले एक मानूस कमीच हाय."

मला वाटलं आता ती ते फेकून देईल. तिने टोक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि मुठीत धरून ठेवलं.

अशी ती मोजणी झाली. मधोमध बाई बसलेली, आणि आम्ही तिच्यापासून चारी दिशांना टेप ताणत जातोय. दिशा पाहायचं होकायंत्र मी तिच्या डोक्यावर धरून पाहिलं. तिने पदर नीट केला आणि मान ताठ ठेवली, फोटो काढताना ठेवतात तशी. मी झाडाचं नाव आणि घेर ओरडून सांगे, उईकेभाऊ लिहीत. थोड्या वेळाने ती विचारू लागली. "सागाचे किती झाले?" "तो धावडा धरला का?" एका झाडापाशी मी म्हटलं, "मोह."

"कुठचा मोह?"

"हा काय, बांधाच्या पल्याड."

"तिथं मोह नाई. तिथचा मोह तं सासऱ्यानं तोडलता."

"मंग हा त्याचाच फुटवा असन मावशी. चांगला मांडीएवढा झाला."

ती उठली. टेपचं टोक हातात तसंच घेऊन ती त्या झाडापर्यंत आली, त्यामुळे टेप सगळा झुडपात गुंतला. तिने खोडावर हात ठेवला, वर पाहिलं, मग खाली बुंध्याशी वाकून जुन्या खुंटाची कड चाचपली. "याच्याखालीच जेवत होतो आमी," एवढंच म्हणाली. मग टेप सोडवत परत जागेवर जाऊन बसली. पण आता ती आमच्यावर पहारा ठेवून नव्हती.

खुंटीला मात्र तिने शेवटपर्यंत नाही म्हटलं. आम्ही बांधातला एक काळा दगड आणून ठेवला आणि जवळच्या झाडांपासून त्याचं अंतर टिपून घेतलं. तेवढं चालतं.

निघताना ती म्हणाली, "काय लिवलं ते वाचून दाखवा."

मी वाचलं. झाडोरा तरुण, मिश्र, पानझडी. चराई आहे, आगीच्या खुणा नाहीत. जमीन खाजगी.

"म्हंजे जंगल लिवलं."

"उभं जंगल हाय, ते लिवलं. जमीन तुमची हाय, ते बी लिवलं."

"वावर लिवलं का?"

जागेचं स्थानिक नाव लिहायला एक रकाना होता. बहुतेक वेळा आम्ही तिथे नाल्याचं नाही तर टेकडीचं नाव टाकत असू. मी लिहिलं, 'शेवंताबाईचं वावर'. तिने तो कागद माझ्या हातून घेऊन उईकेभाऊंच्या हातात दिला आणि त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतला. माझ्यावर तिचा एवढा विश्वास अजून बसला नव्हता. मग म्हणाली, "पुढच्या बारीनं येजो घरी. च्या घेऊन जाजो."

आमच्या कामात काही जागा कायमच्या ठरलेल्या असतात. काही वर्षांच्या अंतराने तिथे परत जाऊन मोजायचं असतं, म्हणजे काय वाढलं, काय गेलं ते कळतं. ती जागा त्यातली होती. त्या मधल्या वर्षांत मी हिंगणीवरून गेले की तिच्याकडे डोकावत असे. ती मला "बाई" म्हणायची ते सोडून "आर्वीवाली" म्हणायला लागली, कारण माझं गाव आर्वी. ती कॅनलखालच्या वावरात असायची, आणि मला रिकाम्या हाताने परत पाठवत नसे. माझ्या घरी कित्येकदा त्या बाईची वांगी शिजली.

दुसऱ्या मोजणीला गेलो तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. उईकेभाऊंचे गुडघे बोलू लागले होते. त्या भागात जंगल पाहायला येणारे लोक वाढले होते, रस्त्याच्या कडेला मुक्कामाच्या जागा उभ्या राहत होत्या, आणि कालपर्यंत जिथे कुणी फिरकत नव्हतं त्या जमिनींना गिऱ्हाइक आलं होतं. शेवंताबाईच्या वावरात पाऊल ठेवलं तर डोक्यावरचं आभाळ बरंच झाकलेलं. साग सरळ वर गेलेला. मोहाचं झाड आता कंबरेएवढ्या घेराचं झालेलं. मला फार बरं वाटलं. आपण कुणाच्या घरी जावं आणि मुलं मोठी झालेली दिसावीत, तसं.

आम्ही कामाला लागलो तोवर दोघं जण आले. शेवंताबाई, आणि मागून मोटारसायकल लावून प्रफुल. प्रफुल मेहनती मुलगा. मुलगा म्हणजे आता तीस-बत्तीसचा बाप्या. त्या भाजीच्या वावराचा भार त्याच्याच अंगावर होता. त्याने आधी मला नमस्कार केला आणि मग विषयाला हात घातला.

"मॅडम, यंदा हे पडीत लिहा ना."

"काऊन रे?"

"नागपूरचा एक जन घेतो म्हनते. पाहुन्यायच्या राह्याच्या खोल्या बांधाच्या हायत त्याले. पन त्याले साफ जमीन पाह्यजे. कागदावर कुठं जंगल-बिंगल असन तं तो मागं सरकन. मले एक गाडी घेता येईन. सेलूच्या बाजारात दुसऱ्याच्या गाडीत माल टाकून टाकून जीव गेला."

त्याचं काही चुकीचं नव्हतं. पहाटे भाजी काढून दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभं राहणं काय असतं, हे मी त्याच रस्त्यावर पाहिलं होतं.

शेवंताबाई पुढे झाली. ती म्हणाली, "आर्वीवाले, तू जंगल लिव्ह."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"जंगल लिव्ह," ती पुन्हा म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिव्ह. म्हंजे कोनी हात लावनार नाई."

उईकेभाऊ खाली पाहत उभे होते. प्रफुल मोठ्या आईकडे पाहत होता. तो तिला मोठी आईच म्हणायचा. माझ्यापुढे दोघं आपापला शब्द घेऊन उभे होते, आणि मला दोघांनाही एकच उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "मी जे उभं हाय तेच लिवीन. पन माह्या लिवन्यानं जमीन विकाची थांबत नाई, आन् विकली बी जात नाई. माह्या कागदानं जमीन जाईन असं तुमाले तवा वाटे, मी म्हटलं नाई जात. आता माह्या कागदानं हे जंगल राहीन असं वाटते, तं ते बी नाई होत मावशी."

प्रफुलच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. शेवंताबाईने मात्र मला सरळ विचारलं, "मंग तुमी येता कायले?"

नोकरीत मला अनेकांनी अनेक प्रश्न विचारले. साहेबांनी विचारले, तपासणीला आलेल्यांनी विचारले. हा एकच प्रश्न असा की त्याला उत्तर देताना मला माझाच आवाज बारीक झालेला ऐकू आला. मी म्हटलं, इथं काय होतं ते कुठंतरी खरं खरं लिहून राहावं म्हणून. त्या उत्तराचं तिला काही करता येण्यासारखं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

पण एक गोष्ट मला सांगता येत होती, आणि ती मी प्रफुलसमोरच सांगितली. सातबारा शेवंताबाईच्या नावाचा आहे. तिच्या सहीशिवाय ना जमीन विकली जाईल, ना साग तोडायची परवानगी निघेल. त्यामुळे जे ठरवायचं ते कागदावाल्यांनी नाही, नागपूरवाल्याने नाही, तुम्ही दोघांनी घरी बसून ठरवायचं आहे. प्रफुल म्हणाला, "मी काय जबरदस्ती करून राह्यलो का मॅडम?" आणि तो खरंच करत नव्हता. त्याने मग आमच्या टेपचं टोक धरलं, मोजणी पुरी होईपर्यंत थांबला. जाताना मात्र दोघं एका गाडीवर गेले नाहीत. ती चालत गेली.

पुढचं मला उईकेभाऊंकडून कळलं. महिनाभर मोठी आई आणि पुतण्या एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. मग एक दिवस शेवंताबाई त्याला घेऊन तहसीलला गेली आणि कॅनलखालचं, पाण्याचं, भाजीचं वावर तिने प्रफुलच्या नावाने करून दिलं. गाडीसाठी त्याला बँकेत दाखवायला स्वतःची जमीन झाली. बदल्यात एकच बोलणं झालं, की वरच्या तुकड्याचं नाव तिच्या हयातीत काढायचं नाही.

गावात लोकांनी तिला वेड्यात काढलं. मला ऐकून धडकीच भरली. ती बाई जगत होती ती त्या पाण्याच्या जमिनीवर. आता तिच्या नावावर उरलं होतं ते नुसतं रान. मी मुद्दाम गेले आणि थोडी रागावलेच तिला. "मावशी, कोनाले इचारलं तरी होतं का? काय खासान तुमी?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मोह येते, टेंभरं येते, चारोळी येते. बकऱ्या हायत. मले एकटीले कितीक लागते? आन् त्याचं बी खरं होतं ना वं. पोरगा रोज राबून राह्यला दुसऱ्याच्या जमिनीवर. माही असली तरी ते दुसऱ्याचीच झाली."

"आन् वरचा तुकडा कायले ठेवला?"

तिने सुपातून मान वर केली नाही. "सगळंच देऊन टाकाव का?"

पहिल्या वर्षी तिचं बरं चाललं. चैत्रात मोहफुलं वेचून वाळवली, टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, सेलूच्या बाजारात विकली, चारोळी फोडून ठेवली. प्रफुलची गाडी आली होती, आणि तो तिच्या टोपल्या आधी चढवत असे, आपली भाजी मागून. मी तोवर निवृत्त झाले होते. तिला त्या गाडीशी उभी पाहून मला हायसं वाटलं. मी उगीच रागावले असं वाटलं.

मागच्या वर्षी मोहाच्याच दिवसांत उईकेभाऊंचा फोन आला. "मॅडम, शेवंताबाईच्या वावरात वाघीन आली. पिल्लं घातली तिनं तिथं. जंगलवाल्यायनं कॅमेरे लावले. कोनाले जाऊ देऊन नाई राह्यले."

मी दुसऱ्या दिवशी एसटीने हिंगणीला गेले. रस्ताभर मनात तेच. जे एक ठेवलं तेही गेलं. मोहफुलं पडत असतील आणि वेचायला कुणी नसेल. बाजाराचे दिवस निघून जातील. या वयात ती बाई काय करेल. मला तिच्या माहेरचं आठवलं आणि आणखीच वाईट वाटलं. तिला काय बोलावं याची मी बसमध्ये जुळवाजुळव करत होते. नुकसानभरपाई मागता येईल, अर्ज मी लिहून देईन, इथवर मी पोचले होते.

ती घरी नव्हती. शेजारणीने सांगितलं, वावरात आहे. मी घाबरले. पण ती प्रफुलच्या वावरात होती, कॅनलखाली. वांग्याच्या ओळीत ती आणि प्रफुलची बायको दोघी वाकून तोडा करत होत्या. मला पाहून तिने कंबर सरळ केली आणि सावलीत येऊन बसली. अंगाने आणखी वाळली होती, पण डोळे चांगले होते.

"प्रफुल म्हने घरी बसू नको, इकडं ये," ती म्हणाली. "संध्याकाळी माहा हिस्सा काहाडून ठेवते तो. नको म्हटलं तरी ठेवते."

मी अर्जाचा विषय काढला. तिने ऐकून घेतलं आणि हाताने बाजूला सारलं. तिला काहीतरी दुसरंच सांगायचं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ते कॅमेऱ्यावाले पोट्टे मले दाखवून गेले. मोबाइलात. तीन हायत. मोहाच्या बुडाशी झोपते त्यायले घेऊन."

"भेव नाई वाटत मावशी?"

"वाटते ना. म्हनून तं जात नाई तिकडं."

"आन् मोहफुलं?"

"जाऊ दे यंदाचे."

"किती दिवस राहीन ते, काई सांगितलं का त्यायनं?"

"पिल्लं मोठे होतपर्यंत म्हनते." तिने पदराने तोंड पुसलं, उठली, आणि ओळीकडे जाता जाता मला समजावल्यासारखं म्हणाली, "बाळंतीन हाय ते. तिले आता ऊठ म्हनता येते का?"

मग तिने माझ्यासाठी वांगी निवडायला घेतली, एकेक दाबून, कोवळी कोवळी.